मॉडेलचं वाफेचं इंजिन कापून आपल्या लाइनीवरचं खरं इंजिन बनवायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात मॉडेल रेल्वेचा नाद असलेली माणसं वाटतात त्यापेक्षा बरीच जास्त आहेत, आणि नवीन कुणी आलं की प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. उदाहरणं सगळी सोलापूर, होटगी, कुर्डुवाडी, दौंड या आपल्या भागातली आहेत, पण पद्धत कुठल्याही इंजिनाला चालते.

कन्व्हर्जन म्हणजे नेमकं काय? रंग बदलला, नंबर लावला की झालं ना?

नाही, तो नुसता रंग झाला. कन्व्हर्जन म्हणजे दुकानातून आलेलं एखादं परदेशी वाफेचं मॉडेल घ्यायचं, त्यातली चासी (खालचा सांगाडा), मोटर, चाकं यातलं जे जुळतं ते ठेवायचं, आणि केबिन, धुराडं, डोम (बॉयलरवरचा घुमट), टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा), कधीकधी अख्खा बॉयलर असं जे जुळत नाही ते काढून एका खऱ्या इंजिनासारखं नव्याने बनवायचं. "खऱ्या" हा शब्द इथे महत्त्वाचा. नुसतं भारतीय दिसणारं इंजिन करणं सोपं आहे, जे इंजिन खरंच होऊन गेलं ते करणं अवघड आहे, आणि सगळी मजा त्यातच आहे.

तयार मॉडेल का घेत नाही?

मिळालं तर जरूर घ्या की. पण ब्रॉडगेजच्या मालगाडीची डब्ल्यूजी क्लासची २,४५० इंजिनं या देशात धावली, प्रवासी गाडीची डब्ल्यूपी ७५५, आणि तरी दुकानात जाऊन "डब्ल्यूजी द्या" म्हटलं तर समोरचा बघतच राहतो. इंग्लंड, अमेरिका, जर्मनीची बारीकसारीक इंजिनंसुद्धा मॉडेलमध्ये मिळतात, आपली नाहीत. बार्शी लाइट या आपल्या कुर्डुवाडीच्या छोट्या रेल्वेचं तर सोडूनच द्या. आपण बनवलं नाही तर ते बघायला मिळणार नाही, इतकं सरळ आहे.

पहिल्यांदा करतोय, कोणतं इंजिन घेऊ?

आधी हे बघा की सोलापूर जिल्हा या बाबतीत फार नशीबवान आहे, कारण आपल्याकडे तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधली तिन्ही अंतरं, होते. ब्रॉडगेज १८६० साली जीआयपी रेल्वेने सोलापूरला आणला आणि पुढे १८७१ ला रायचूरपर्यंत जाऊन ती मद्रासकडची मेन लाइन झाली. होटगीहून विजापूर, गदगकडे मीटरगेज होता. आणि कुर्डुवाडीला बार्शी लाइट, अडीच फुटी नॅरोगेज, १८९७ पासून. एवढं सगळं एका जिल्ह्यात, म्हणजे निवड करताना डोकं फिरतं.

माझा सल्ला विचाराल तर पहिलं इंजिन डब्ल्यूजी घ्या. २-८-२ चाकांची रचना, म्हणजे पुढे दोन छोटी, मधे आठ मोठी जोडलेली, मागे दोन छोटी. अमेरिकन मॉडेलमध्ये ही रचना भरपूर मिळते, तिला मिकाडो म्हणतात. तोंड सपाट, अंग साधं, मालगाडीचं इंजिन, त्यामुळे कुठे थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावून जातं. चित्तरंजनला पहिली डब्ल्यूजी १ नोव्हेंबर १९५० ला बाहेर पडली, तिचं नाव देशबंधू, आणि शेवटची १९७० ला, अंतिम सितारा. वीस वर्षं एकच क्लास बनत होता त्यामुळे फोटो ढिगाने आहेत, ही सगळ्यात मोठी सोय.

डब्ल्यूपी दिसायला राजा, पण नाक बनवायला त्रास देतं, त्यावर खाली लिहिलंय. पण एक फायदा लक्षात ठेवा, डब्ल्यूपी आणि डब्ल्यूजीचा बॉयलर एकच डिझाइनचा आहे, रेल्वेनेच पार्ट एकसारखे ठेवले होते, तसंच मीटरगेजला वायपी (प्रवासी गाडीचं) आणि वायजी (मालगाडीचं) या इंजिनांचं. म्हणजे एकदा डब्ल्यूजीचा बॉयलर नीट जमवला आणि त्याचं माप, साचा जपून ठेवला तर पुढच्या डब्ल्यूपीचं निम्मं काम झालेलंच असतं.

बार्शी लाइट दुसरं किंवा तिसरं इंजिन म्हणून करा, पहिलं नको.

"एक इंजिन, एक नंबर, एक वर्ष" असं सगळे सांगतात, एवढा हट्ट कशाला?

कारण "डब्ल्यूजी" नावाचं इंजिन कधी धावलंच नाही. धावलं ते अमुक नंबरचं इंजिन, अमुक शेडचं, अमुक साली. तेच इंजिन वर्कशॉपमधून पीओएच (ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) होऊन बाहेर आलं की कधी हेडलाइट बदललेला, कधी टेंडर दुसऱ्याचं लावलेलं, कधी केबिनच्या खिडकीवर नवीन पत्रा. दोन सालांचे दोन फोटो घेऊन अर्धं यातलं अर्धं त्यातलं केलं तर जे तयार होतं ते इंजिन कधीच कुठल्याच रुळावर उभं नव्हतं. मेहनत सगळी केली आणि खरं काहीच झालं नाही, असं होतं ते.

आपल्या भागात तर सालाला अजूनच महत्त्व आहे. सोलापूर विभाग आधी मध्य रेल्वेत होता, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हा तिकडे गेला, आणि २ ऑक्टोबर १९७७ ला परत मध्य रेल्वेत आला. म्हणजे तुम्ही १९७२ सालचं सोलापूर शेडचं इंजिन करत असाल आणि टेंडरवर मध्य रेल्वेची अक्षरं लावली तर ते चुकलं, जुन्या रेल्वेवाल्या माणसाला लांबूनच दिसेल. दुसऱ्या झोनचं इंजिन गाडी घेऊन इकडे येऊ शकतं हे खरं, पण मग ते त्या झोनचं इंजिन म्हणूनच करा, शेडचं नाव तिकडचं लावा.

माझी पद्धत अशी की आधी एक फोटो पक्का करायचा, ज्यात नंबर वाचता येतो आणि साल माहीत आहे. तो प्रिंट काढून टेबलासमोर भिंतीला लावायचा आणि काही अडलं की फक्त त्यालाच विचारायचं. दुसऱ्या बाजूचा फोटो नसेल तर त्याच बॅचच्या जवळच्या नंबरचा चालतो.

स्केल आणि गेजचा गोंधळ काही कळत नाही. ब्रॉडगेज इंजिन एचओ रुळावर कसं बसणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर नीट समजून घेतलं तर पुढचा पैसा वाचतो, म्हणून सावकाश वाचा.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, आणि ते बनवलेत युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिमी गेजसाठी. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी. १,६७६ ला ८७ ने भागा, १९.३ मिमी येतात. म्हणजे एचओचा रूळ आपल्या ब्रॉडगेजला जवळजवळ तीन मिमी अरुंद पडतो. ब्रिटिश ओओ स्केल १:७६ आहे पण रूळ तोच १६.५, आणि तिथे तर आपल्याला २२ मिमी पाहिजेत, म्हणजे अजूनच वाईट.

मग तीन रस्ते आहेत. पहिला, अंग १:८७ चं करा आणि १६.५ च्या रुळावर चालवा, बाजूने बघताना काही कळत नाही, समोरून बघितलं की खालचा भाग बारीक वाटतो. दुसरा, रूळ खरा मानायचा आणि अंग लहान करायचं, १,६७६ भागिले १६.५ म्हणजे साधारण १:१०२, तर १:१०० धरलं तरी चालतं, गेज बरोबर दिसतो पण मग डबे, माणसं, सिग्नल सगळं त्याच मापात स्वतः करावं लागतं. तिसरा, आस (डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा दांडा) बदलून चाकं १९.३ वर नेणं आणि रूळ हाताने टाकणं. हा सगळ्यात खरा रस्ता आणि सगळ्यात लांबचा. पहिल्या इंजिनाला पहिलाच रस्ता घ्या. नवीन माणसाने पहिल्याच इंजिनात गेज बदलायला घेतला की ते इंजिन बहुतेक वेळा खोक्यातच राहतं.

मीटरगेजवाल्यांची मात्र चैन आहे. १,००० भागिले ८७ म्हणजे ११.५, आणि एचओएम, म्हणजे एचओ मापातल्या मीटरगेजचे रूळ १२ मिमीचे तयार मिळतात. वायपी, वायजी करायचं असेल तर गेजची चिंताच नाही.

आणि बार्शी लाइट तर सगळ्यात सुंदर बसते. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.८ मिमी, एन या एचओहून लहान स्केलचे रूळ ९ मिमीचे, म्हणजे एन स्केलची चासी घेऊन वर एचओचं अंग चढवलं की झालं, याला एचओई म्हणतात. डोळ्यांना मोठं पाहिजे असेल तर १:४८ मध्ये ७६२ चे १५.९ होतात, तिथे साधे १६.५ चे रूळ चालतात, त्याला ऑन३० म्हणतात, त्यात बॅकमन कंपनीची बरीच इंजिनं आहेत.

डोनर, म्हणजे कापायला घ्यायचं इंजिन, कोणतं ते कसं ठरवायचं?

चाकावरून. फक्त चाकावरून. केबिन नवीन करता येते, धुराडं करता येतं, पण जोडलेल्या चाकांचा व्यास आणि त्यांच्यातलं अंतर सहजासहजी बदलत नाही, आणि इंजिनाचा चेहरा खरा तिथेच असतो.

डब्ल्यूजीचं मोठं चाक १,५६२ मिमी, डब्ल्यूपीचं १,७०५, वायपीचं १,३७२, वायजीचं १,२१९. ८७ ने भागलं की अनुक्रमे १८, १९.६, १५.८ आणि १४ मिमी. हे चार आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि कुठलंही सेकंडहँड मॉडेल हातात आलं की आधी व्हर्निअर कॅलिपर लावून चाक मोजा.

एक जोडी सांगतो जी चांगली जुळते. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकन सरकारच्या रेल्वे प्रशासनाने जी प्रमाणित इंजिनं काढली त्यातली लाइट मिकाडो, यूएसआरए लाइट मिकाडो म्हणून मॉडेलमध्ये मिळते, तिचं चाक ६३ इंच म्हणजे १,६०० मिमी. एचओमध्ये १८.४. आपल्याला हवेत १८. अर्ध्या मिमीहून कमी फरक, आणि तोही झिजलेल्या-नव्या टायरच्या फरकात खपून जातो. त्याच मालिकेतली लाइट पॅसिफिक मात्र डब्ल्यूपीसाठी घेऊ नका, रचना ४-६-२ च आहे पण चाक ७३ इंची, एचओत २१.३ येतं, आणि पावणेदोन मिमी जास्त चाकावर डब्ल्यूपीचं अंग ठेवलं की ते उंटावर बसल्यासारखं दिसतं.

चाकानंतर बघा ती मोटर कुठे बसलीय. जुन्या मॉडेलमध्ये मोटर केबिनमध्ये घुसलेली असते, मग केबिन मोकळी दाखवता येत नाही. आपल्या इंजिनांच्या केबिन मागून उघड्या दिसतात, त्यामुळे मोटर बॉयलरच्या पोटात असलेला डोनर बघा.

ड्रॉइंग नाही, फक्त फोटो आहे. माप कसं काढू?

चाकालाच फूटपट्टी करा. समजा एकदम बाजूने काढलेला फोटो आहे, प्रिंटवर डब्ल्यूजीचं मोठं चाक ३१ मिमी भरतं. १,५६२ भागिले ३१, म्हणजे प्रिंटवरचा एक मिमी खऱ्या इंजिनावर ५०.४ मिमी. आता केबिनची बाजू प्रिंटवर ४० मिमी आली तर खरी २,०१६, आणि एचओमध्ये २३.२ मिमी. अशी सगळी मापं एका वहीत मांडायची, अंदाजाने पत्रा कापायचा नाही.

यात तीन ठिकाणी फसायला होतं. एक, फोटो तिरका असेल तर पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं भरतं, दोन्ही मोजून बघा, फरक असेल तर तो फोटो मापाला वापरू नका, फक्त तपशिलाला वापरा. दोन, चाक कॅमेऱ्याच्या जवळ असतं आणि बॉयलर, धुराडं इंजिनाच्या मधोमध म्हणजे लांब, त्यामुळे धुराडं खऱ्यापेक्षा थोडं लहान भरतं, फोटो जवळून काढलेला असेल तर जास्तच. तीन, चाकाचा टायर झिजतो आणि वर्कशॉपमध्ये तासला जातो, म्हणून फोटोतलं चाक पूर्ण १,५६२ असेलच असं नाही.

खरं इंजिन हात लावून बघायचं असेल तर दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आणि हरियाणातलं रेवाडीचं स्टीम शेड आहे. पुण्याला जाणं होत असेल तर कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम एकदा बघाच, तिथे मापाचं नाही पण चालत्या मॉडेलचं बरंच कळतं. आणि घराजवळचा खजिना म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेली माणसं. सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागात कुणाच्या तरी ओळखीचे असे एखादे काका निघतातच, ज्यांनी फायरमन म्हणून फावडं मारलंय किंवा शेडमध्ये फिटर होते. त्यांना "डब्ल्यूजीबद्दल सांगा" म्हणू नका, फोटो दाखवा आणि "काका, हा पाइप कुठून कुठे जातो" असं विचारा. मग बघा कसे बोलायला लागतात.

काम कुठून सुरू करू? आधी काय कापायचं?

आधी काहीच कापू नका. डोनर जसा आहे तसा तासभर चालवून बघा, पुढे-मागे, हळू-जोरात. चासी अडखळत असेल तर ते आत्ताच नीट करा, वर अंग चढल्यावर काही होत नाही.

मग अंग उतरवा, चासीचा फोटो काढा, स्क्रू ज्या क्रमाने काढले तसे डबीत ठेवा (शेंगाचटणीच्या रिकाम्या पारदर्शक डब्या याला उत्तम, झाकण घट्ट बसतं). मग क्रम असा: चासीवर सिलिंडर आणि पुढचा बफरबीम (बफर बसतात ती आडवी पट्टी), मग फूटप्लेट (चाकांवरची आडवी लांब पट्टी), त्यावर बॉयलर, मग केबिन, शेवटी टेंडर. फूटप्लेट सरळ आणि बरोबर उंचीवर बसली की बाकी सगळं तिच्यावरून मोजता येतं, म्हणून तिथे घाई करू नका, काचेच्या तुकड्यावर ठेवून चारी बाजूंनी बघा. फूटप्लेटला अर्धा मिमी पितळी पत्रा वापरा, प्लास्टिकशीट कालांतराने वाकते.

चाकं काढून घासू का? सगळे नको म्हणतात.

बरोबर म्हणतात. वाफेच्या इंजिनाची डावी-उजवी चाकं आसावर ९० अंश फिरवून बसवलेली असतात, म्हणजे डावीकडचा क्रँकपिन (चाकावरची रॉड जोडायची खुंटी) वर असतो तेव्हा उजवीकडचा पुढे किंवा मागे असतो, खाली किंवा वर नसतो. खऱ्या इंजिनातही असंच असतं, नाहीतर दोन्ही पिस्टन एकदम टोकाला अडकले तर गाडी सुटणारच नाही. मॉडेलमध्ये सगळ्या आसांवर हा कोन अगदी सारखा पाहिजे. एका आसावर दोन-तीन अंश इकडेतिकडे झालं की रॉड दर फेऱ्याला एकदा अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं. आणि गंमत म्हणजे हे डोळ्यांना दिसत नाही, फक्त चालताना कळतं.

काढावीच लागली, उदाहरणार्थ नवीन चाकं लावायची असली, तर कोन धरायचा जिग, म्हणजे चाकं पक्की धरणारा साचा, करून घ्या. आपल्याकडे यंत्रमागाचे पार्ट करणारे लेथवाले कमी नाहीत, त्यांना चित्र काढून दाखवलं तर एका दुपारी करून देतात, ही सोय पुण्या-मुंबईत एवढ्या सहज नाही मिळत.

डब्ल्यूपीचं नाक कसं बनवायचं?

डब्ल्यूपी ओळखू येतं ते नाकावरूनच, स्मोकबॉक्सच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाचा धुराचा कप्पा) पुढे आलेला तो शंकूसारखा फुगलेला भाग आणि त्यावर चांदणी. इथे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही. आणि चूक बहुतेक एकच होते, लोक नाक फार टोकदार करतात. खरं नाक आधी गोल फुगतं आणि मग निमुळतं होतं.

करायची पद्धत सांगतो. बॉयलरच्या बाहेरच्या व्यासापेक्षा थोडा जाड सागवानी दांडा किंवा अ‍ॅक्रेलिकचा रॉड घ्या, ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरा, मशीन टेबलाला शिकंज्यात आडवं बांधा. चष्मा घाला, खरंच घाला. स्पीड कमी ठेवून आधी सपाट कानस, मग ८० नंबर पॉलिश पेपर, मग २२०, मग ६००. फोटोवरून नाकाच्या बाजूचा आकार जाड कार्डावर कापून उलटा साचा करा आणि मशीन थांबवून दर मिनिटाला तो साचा लावून बघा, उजेड कुठून दिसतो तिथे अजून जायचंय. साचा सगळीकडून टेकला की थांबा. लाकूड असेल तर पातळ सुपरग्लू चोळून परत ६०० मारा, धाग्यांच्या रेषा बुजतात.

चांदणी रंगवू नका, पातळ पत्र्याची कापून चिकटवा. एचओमध्ये ती एवढीशी असते पण उजेड पडला की कडा दिसतात, रंगवलेलीला त्या येत नाहीत.

पाइप, हँडरेल असलं बारीक सामान सोलापुरात मिळतं का?

मिळतं, फक्त मॉडेलच्या दुकानात नाही. मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार नंबरवर मिळते. २८ नंबरची साधारण ०.३८ मिमी, म्हणजे एचओमध्ये सव्वा इंची हँडरेल. २४ नंबरची ०.५६, म्हणजे दोन इंची पाइप. २२ नंबरची ०.७१, जाड पाइपला. दुकानदार वजनावर देतो, थोडीशी मागितली तर कधी तशीच देतो.

तार गुंडाळीची असते म्हणून वाकडी असते. एक टोक शिकंज्यात धरा, दुसरं पक्कडीत, आणि हळूच ओढा, तार किंचित लांब होते तो क्षण हाताला कळतो, तिथे थांबा. तार दोरीसारखी सरळ होते आणि थोडी कडकही होते. मग वरचं व्हार्निश ब्लेडने खरवडा, नाहीतर सोल्डरचा डाग बसत नाही.

पातळ नळीसाठी मेडिकलमधून नवीन इंजेक्शनच्या सुया घ्या, टोक आधी घासून टाका. १८ नंबरच्या सुईचा बाहेरचा व्यास १.२७ मिमी, २६ ची ०.४६. शिट्टी, व्हॉल्व, पाइपचे जोड यांना याहून चांगलं काही नाही. पितळी पत्रा भांडीवाल्यांच्या बाजूला चौकशी केली की तुकड्यात मिळतो. सोल्डरिंगला मोबाइल रिपेअरवाल्याचं बारीक टोकाचं आयर्न बघा, मोठ्या आयर्नने एक जोड करायला गेलं की शेजारचा सुटतो.

थ्रीडी प्रिंट करून टाकलं तर?

करा, त्यात कमीपणा काही नाही. केबिन, धुराडं, डोम, टेंडरच्या बोगीच्या बाजू यांना रेझिन प्रिंट छान येतो. साध्या फिलामेंटच्या प्रिंटवर थरांच्या रेघा राहतात, त्या घासता घासता तपशील पण जातो. शिवाय त्या फिलामेंटचं पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ होतं, मे महिन्यात सोलापुरात बंद गाडीत ठेवलं की काय होईल ते तुम्हीच समजून घ्या. बॉयलर मात्र नळीचाच करा, पितळी किंवा प्लास्टिकची, प्रिंटचा गोल कधी पूर्ण गोल नसतो.

उन्हाळ्यात रंग मारला तर खरखरीत होतो, काय चुकतंय?

वेळ चुकतेय. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी स्प्रे मारला की रंगाचा थेंब इंजिनावर पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि वर पावडरीसारखा बसतो. पहाटे सहा-साडेसहाला मारा, थिनर थोडं हळू सुकणारं घ्या, आणि पंखा बंद. धुळीसाठी खोलीत आधी पाणी शिंपडा. रंग मारून झाला की वर खोकं पालथं घाला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उचलू नका.

काळ्या रंगाचं एक सांगतो. शुद्ध काळा वापरू नका. छोट्या मापाला तो भोक पडल्यासारखा दिसतो, एकही रिव्हेट दिसत नाही. काळ्यात थोडा राखाडी, किंचित तपकिरी. आणि चालतं इंजिन सगळीकडे सारखं मळत नाही: पाणी भरायच्या तोंडाखाली टेंडरवर पांढुरके ओघळ, सिलिंडरजवळ तेलाची चमक, धुराड्यामागे काजळी, खाली चाकांना ब्रेकची तांबूस धूळ. फोटोत जिथे दिसतं तिथेच करा, सगळीकडे ब्रश फिरवू नका.

नंबर आणि देवनागरी अक्षरं कशी लावायची?

वॉटरस्लाइड डेकल पेपरवर छापून, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवत चिकटवायच्या पातळ पट्टीवर. पांढरी अक्षरं साध्या प्रिंटरवर येत नाहीत, छापून देणारे ऑनलाइन आहेत. फॉन्टच्या मागे लागू नका, शेडमधल्या पेंटरने ब्रशने लिहिलेली अक्षरं होती ती, "म" ची गाठ प्रत्येकाची वेगळी. फोटोतलं अक्षर मोठं करून त्यावरून ट्रेस करा. डेकल चिकटवायला आपलं नळाचं पाणी वापरलं की सुकल्यावर पांढरे डाग राहतात, गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ते वापरा.

इंजिन नुसतं चाकं फिरवतं, डबे ओढत नाही.

वजन कमी पडतंय. बॉयलरच्या आत शिसं भरा, पण जोडलेल्या चाकांच्या बरोबर वर, पुढे टोकाला नाही. बोट मधल्या चाकांखाली ठेवून उचललं तर इंजिन तोललं गेलं पाहिजे. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि लहान मुलांना ते काम देऊ नका.

हे खऱ्या वाफेवर चालेल का?

एचओमध्ये नाही, आत इलेक्ट्रिक मोटरच असते. खऱ्या वाफेची मॉडेलं मोठी असतात, ३२ किंवा ४५ मिमीच्या रुळांवरची. त्यांचंही कन्व्हर्जन होतं, केबिन, टाक्या, धुराडं बदलता येतं, पण बॉयलरला भोक पाडणं, डाग देणं, व्हॉल्वची सेटिंग हलवणं अजिबात नाही. तो दाबाखालचा भाग आहे, त्याला हात लावायचा तर त्यातल्या जाणकारानेच.

चांगलं महाग मॉडेल कापायला जीव होत नाही.

मग कापू नका. केबिन तुटलेलं, टेंडर हरवलेलं, पण चासी चालू असलेलं सेकंडहँड घ्या. तसंही आपण केबिन आणि टेंडर टाकूनच देणार आहोत.

बार्शी लाइटचं ते पहिलं इंजिन करायचंय, ०-८-४ टँक (टेंडर नसलेलं, पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेलं). चासी कुठून आणू?

उशिरा का होईना हा प्रश्न आला की मला फार आनंद होतो, कारण हे इंजिन आपलं आहे, कुर्डुवाडीचं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने ही रेल्वे उभी केली तेव्हा नियम ठेवला की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे हलके रूळ चालतात आणि खर्च वाचतो. लीड्सच्या किटसन कंपनीने त्या हिशोबात ए क्लास बनवला, आठ जोडलेली चाकं आणि मागे चार चाकांची बोगी. सहा आस गुणिले पाच, म्हणजे अख्खं इंजिन तीस टनांच्या वर जाऊच शकत नाही. हा हिशोब डोक्यात ठेवून फोटो बघा, मग कळतं की ते एवढं लांब आणि तरी एवढं बुटकं का दिसतं. पुढे ही लाइन १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली, १९५४ ला सरकारने विकत घेतली, आणि आता सगळी ब्रॉडगेज झाली आहे, त्यामुळे रुळावर जाऊन काही बघता येत नाही.

चासीसाठी, १:४८ मध्ये करत असाल तर ऑन३० ची २-८-० घ्या, पुढची दोन छोटी चाकं काढून टाका आणि मागे कोळशाच्या बंकरखाली नवीन चार चाकी बोगी लावा. बोगी नुसती लटकवू नका, तिला वर हलकी स्प्रिंग द्या, नाहीतर पॉइंटवर (गाडी रूळ बदलते तिथे) रुळावरून उतरते. एचओईमध्ये एन स्केलची कुठलीही आठ जोडलेल्या चाकांची चासी बघा, पण चाकं लहानच पाहिजेत, एन स्केलच्या एक्स्प्रेस इंजिनाची नकोत. दोन्हीत घेण्याआधी फोटोत फ्रेम चाकांच्या आत आहे की बाहेर ते नीट बघून घ्या, कारण आतल्या फ्रेमचा डोनर बाहेरच्या फ्रेमचा दाखवायचा तर क्रँक नवीन करावे लागतात आणि ते काम लेथवाल्याकडे जातं. टाक्यांच्या बाजू एका अखंड पत्र्यातून कापा, डावी-उजवी एकत्र चिकटवून एकदमच कानस मारा, म्हणजे दोन्ही सारख्या येतात. आणि टाकीच्या खालच्या कडेपासून रुळापर्यंतची उंची सगळ्यात आधी पक्की करा, बाकीची सगळी मापं त्यावरून घ्यायची.